तिसऱ्या दुपारची शिट्टी

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

आणि खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी वाचून सोडून द्यावी, वाद घालू नये. कारण जिच्या बाबतीत हे घडलं ती बाई आजही पापुआच्या उंच मुलखात, सिंबूच्या डोंगरातल्या नोंदुगाल वस्तीत राहते. रोज सकाळी रताळ्याच्या वाफ्यात जाते. कुणी विचारलं तर सांगते, पण एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर उठून जाते.

पाच वर्षं झाली. ऑगस्ट महिन्यातला शनिवार होता. ऊन डोक्यावर आलेलं.

तिचं नाव अगाथा.

तेव्हा तिचं बाळ, बोमाई, सहा महिन्यांचं होतं. खालच्या हिरडीत तांदळाएवढा पहिला दात दिसायला लागला होता. दात दिसला की तिथे उष्टावण करतात. ते मामानंच करायचं. त्यानं स्वतः पक्षी धरायचा, स्वतःच्या हातानं त्याचं मांस बाळाच्या ओठाला लावायचं. तोवर बाळ घरात पाहुणं असतं, म्हणतात. कधीही उठून जाईल.

बोमाईला मामा एकच. वाइने.

अगाथाला तरी त्याच्याशिवाय कोण होतं? आईबाप दोघंही एकाच वर्षी गेले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वाइने तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यानंच तिला वाढवलं, तिच्या केसातल्या उवा काढल्या, तिचं लग्न लावून दिलं. लग्नानंतरही ती लांब गेली नाही. नवऱ्याच्या गावात भांडणं पेटली होती, घरं जळाली होती, म्हणून तिचा नवरा काउपा इकडेच येऊन राहिला. वस्तीतले लोक त्याला घरजावई म्हणून चिडवायचे. वाइनेही चिडवायचा.

"या जावईबापू," तो म्हणायचा, "बायकोची रताळी गोड लागतायत ना?"

सगळे हसायचे. काउपाही हसायचा.

डोंगराच्या अगदी वर, दाट रानात, वाइनेचा पाणवठा होता. बापानं त्याला दिलेला, बापाला त्याच्या बापानं. पाणवठा म्हणजे पोखरलेल्या ओंडक्याची एक डोणी. कोरड्या दिवसांत वरचे ओहोळ आटतात, पक्षी तहानेनं वेडे होतात. तेव्हा पहाटे खालच्या झऱ्यावरून बांबूच्या नळ्यांनी पाणी आणून ती डोणी भरायची. काठावर पक्ष्याला बसायला एक आडवी काठी बांधायची. काठीवर दोरीचा फास अलगद पसरून ठेवायचा. दोरीचं दुसरं टोक मागच्या लपणात.

लपण म्हणजे फांद्या आणि नेच्याच्या पानांची, एक माणूस जेमतेम मावेल एवढी झोपडी. आत बसून दोरी हातात धरायची, आणि पानांच्या फटीतून बघत राहायचं. पक्षी पाण्यावर वाकला की खेचायची. पाय अडकतात.

ती दोरी अगाथा वळायची. झाडाच्या सालीचा वाख मांडीवर घासून घासून, इतकी बारीक की पक्ष्याला दिसू नये, इतकी चिवट की तुटू नये.

लपणाचे नियम कडक असतात. तिथे बोलायचं नाही. खोकायचं नाही. आत बसलेल्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, नाहीतर पाणवठा कायमचा आटतो. जेवण घेऊन येणाऱ्यानं अलीकडच्या आडव्या पडलेल्या झाडापाशी थांबायचं आणि दोनदा शिट्टी घालायची. आतल्यानं एकदा शिट्टी घालून उत्तर द्यायचं. उत्तर आलं की पानात बांधलेलं जेवण तिथेच ठेवून मागे फिरायचं. आतलं माणूस अंधार पडायच्या आधी सवडीनं येऊन खातं.

बघायलाही जायचं नाही.

त्या वर्षी वाइनेचं लग्न ठरलं होतं. म्हणून त्यानं एक दिवस जेवताना सहज सांगून टाकलं, की जावईबापू, यापुढे लपणात मी बसणार, पुढे माझी पोरं बसतील. त्याआधी तो काउपालाही अधूनमधून बसू द्यायचा. पाणवठा पुढे भाच्यालाच जाणार, असं सगळे धरून चालले होते. काउपाही.

काउपा तेव्हाही हसला होता.

गुरुवारी पहाटे वाइने वर गेला. जाताना त्यानं झोपलेल्या बोमाईच्या पायाला हळूच चिमटा काढला आणि म्हणाला, "रविवारी येतो रे, तुला माणसात घेतो." काउपा त्याच्या थोडं आधीच निघाला होता. नदीकाठच्या कॉफीच्या बागेत जातो म्हणाला.

दुपारी अगाथा रताळी घेऊन वर गेली. आडव्या झाडापाशी थांबली. दोन शिट्ट्या घातल्या.

जरा वेळ गेला.

मग उत्तर आलं. एक शिट्टी, स्वच्छ, सरळ.

तिला एवढंच वाटलं, की दादाची शिट्टी आज चांगली वाजतेय. वाइनेचा पुढचा एक दात पडलेला होता. त्याच्या शिट्टीच्या शेवटी नेहमी फस्स करून हवा निघायची. लहानपणी ती त्याला त्यावरून चिडवायची. आज ती हवा नव्हती. ओठात पान धरलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. जेवण ठेवलं आणि खाली आली.

शुक्रवारी परत गेली.

कालचं पान उघडं पडलं होतं. जेवण संपलेलं, आणि बाजूला रताळ्याच्या साली.

वाइने साली टाकत नसे. सालीसकट खायचा, अनाथपणी लागलेली सवय.

तिनं सालींकडे पाहिलं... आणि दोन शिट्ट्या घातल्या. लगेच उत्तर आलं. तशीच स्वच्छ शिट्टी.

त्या संध्याकाळी काउपा एक धष्टपुष्ट पारवा घेऊन घरी आला. म्हणाला, वाइने वाटेत भेटला, त्यानं दिलाय. उष्टावणाचा पक्षी तो रविवारी स्वतः आणेलच, पण तोवर याचा रस्सा अगाथाला द्या, दूध वाढेल म्हणाला.

अगाथाचे डोळे भरून आले. दादाला एवढं सुचतं.

तिनं पारवा उकडला, आल्याचा पाला घातला, वाटीभर रस्सा प्यायली. मग बाळाला छातीशी घेतलं. बाळ चुटूचुटू पीत होतं, आणि ती त्याच्या कानात सांगत होती, हे तुझ्या मामानं पाठवलंय हं.

काउपा चुलीपलीकडे बसून बघत होता.

शनिवारी सगळी वस्ती देवळावर जमली. मिशनच्या त्या छोट्या देवळाचं छप्पर गळत होतं, त्यावर नवं गवत घालायचं होतं. पुरुष वर, बायका खाली चुलींवर. काउपाला चुकवता येण्यासारखं नव्हतं. घरजावई कामाला आला नाही तर वर्षभर ऐकावं लागतं. सकाळपासून तो शिडीवर होता. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आज वर जाऊ नकोस, असं त्यानं अगाथाला सकाळीच बजावलं होतं. इथे काम आहे, आणि एक दिवस उपाशी राहून माणूस मरत नाही.

पण तिला राहवेना. दुपारी तिनं बोमाईला दोरीच्या झोळीत निजवलं, झोळी चुलीजवळच्या फांदीला अडकवली, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं. पानात चार रताळी बांधली आणि सटकली.

वर पोचली तेव्हा तिला काहीतरी वेगळं वाटलं.

रान गप्प होतं.

कोरड्या दिवसांत दुपारी त्या पाणवठ्याभोवती कलकलाट असतो. पोपट भांडतात, पारवे घुमतात. त्या दिवशी... एक पंखसुद्धा हलत नव्हता.

आडव्या झाडावर कालचं पान होतं. बाजूला साली.

तिनं दोन शिट्ट्या घातल्या.

काही नाही.

झोपला असेल, असं वाटून तिनं पुन्हा दोन शिट्ट्या घातल्या.

आणि मग...

उत्तर आलं. बारीक. थकल्यासारखं. शेवटी हवा निघाली. फस्स.

तिला हसू आलं. ही खरी दादाची शिट्टी. आवाज लपणाकडूनच आला, की जरा खालून, याकडे तिनं तेव्हा लक्ष दिलं नाही. त्या रानात आवाज असेही फिरतात.

तिनं जेवण ठेवलं. वळली.

पुन्हा शिट्टी आली.

ती थांबली. असं कधी होत नसे. एकदाच घालायची असते. पक्ष्यांना बोलावत असेल, तिला वाटलं. तिची छाती भरून आली होती, पोलकं पुढून ओलं झालं होतं. बाळ उठायची वेळ झाली. ती भराभर पावलं उचलत निघाली.

वाटेच्या वळणापर्यंत शिट्टी येत राहिली. एक... मग बराच वेळ गेल्यावर आणखी एक.

वळणानंतर ऐकू आली नाही.

खाली आल्यावर तिनं आधी बाळाला पाजलं. मग पाण्याचा भोपळा घेऊन शिडीपाशी गेली. काउपानं वरून हात खाली केला. ती भोपळा देता देता गमतीनं सांगू लागली, की आज दादाला काय झालंय कोण जाणे, शिट्टीवर शिट्टी घालतोय, लग्न ठरल्यापासून चेकाळलाय.

काउपाचा हात तसाच राहिला.

"आज?" तो म्हणाला.

"आज, म्हणजे आत्ताच. तिथूनच येतेय."

"खोटं बोलतेस."

"खोटं कशाला बोलू?"

काउपा हळूच म्हणाला, अगदी हळू, पण खाली अचानक सगळं शांत झालं होतं म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, "आज लपणात कोणी नाहीये."

भोपळा अगाथाच्या हातातून निसटला. पाणी तिच्या पायावर सांडलं.

"तुला काय माहीत?" तिनं विचारलं.

छपराच्या आढ्यावर तिचे लांबचे चुलते गिग्माय काका बसले होते. म्हातारा माणूस, कमी बोलणारा. ते गवताची पेंढी बाजूला ठेवून एकेक पाय टेकत खाली उतरले आणि काउपाच्या शिडीखाली येऊन उभे राहिले.

"जावई," ते म्हणाले, "खाली ये. तिला सगळं सांग."

त्यानं सांगितलं. तुटक तुटक.

गुरुवारी तो बागेत गेलाच नव्हता. वाटेत वाइनेला गाठून त्याच्यासोबत वर गेला होता. पाणवठ्याबद्दल बोलायला. अंधार होता, वाइने नळ्या घेऊन झऱ्याच्या अरुंद वाटेवर पुढे होता. बोलणं वाढलं. वाइनेचा पाय घसरला. तो दरीत गेला. ढकललं नाही, काउपा पुन्हा पुन्हा म्हणत होता, ढकललं नाही. पडल्या पडल्याच गेला, हाका मारल्या, आवाज आला नाही. पण हे खाली येऊन सांगितलं असतं तर त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला असता का? परगावचा माणूस, घरजावई.

म्हणून तो लपणात जाऊन बसला. विचार करत. आणि दुपारी अगाथाची शिट्टी आली.

"मग?" अगाथानं विचारलं.

"मग मी उत्तर दिलं."

"आणि काल?"

"कालही."

"आणि रताळी?"

तो खाली बघत राहिला.

"तो पारवा तू धरलास," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तेच लोकांना जास्त लागलं, असं शेजारीण अजून सांगते. "माझ्या भावाच्या लपणात बसून. मी वळलेल्या दोरीनं. आणि मला पाजलास. माझ्या पोराला पाजलास."

काउपा रडायला लागला. पण रडतानाही त्याची नजर वरच्या रानाकडे होती. तो गिग्माय काकांचा हात धरून विचारत होता, की काका, दोन दिवस मी होतो, पण आज मी इथे होतो, तुम्ही पाहिलंत, सगळ्यांनी पाहिलं. मग आज कोण होतं?

पुरुष लगेच वर गेले. पण दुपारनंतर त्या डोंगरावर धुकं उतरतं. दरीचा काठ दिसेना. त्यांनी काठावरून वाइनेला नावानं हाका मारल्या, नियम मोडून, सगळ्यांनी एकदम. खालून काहीच आलं नाही. रविवारी सकाळी वेलींचे दोर सोडून उतरले तेव्हा तो सापडला.

लपणापासून फार लांब नव्हता. चाळीस पावलं असतील, सरळ खाली, एका कपारीत. पाय मोडलेला, मांडीपासून. त्या पायानं वर चढणं कुणालाही शक्य नव्हतं.

त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. काकांनी ती उघडली. आत शेवाळ होतं.

पाण्यासाठी पिळून काढलेलं.

वर पक्ष्यांसाठी डोणी काठोकाठ भरलेली होती. काउपानं भरली होती.

म्हणजे वाइने पडल्या पडल्या गेला नव्हता. एवढं सगळ्यांना कळलं. गुरुवारी दुपारी, कदाचित शुक्रवारीही, तो खाली जिवंत पडलेला होता. बहिणीच्या दोन शिट्ट्या त्याला ऐकू आल्या असतील. आणि डोक्यावरच्या लपणातून त्याच्या वतीनं कुणीतरी दिलेलं उत्तरही ऐकू आलं असेल. स्वच्छ, सरळ, मोठ्यानं. त्याच्या बारीक शिट्टीवर चढून.

पण शनिवारचं काय?

दवाखान्यातला माणूस खालच्या गावातून आला. त्यानं तपासलं, हात धुतले. वर फार थंडी असते, तो म्हणाला, देहावरून नक्की सांगता येत नाही. गुरुवार म्हणा, शुक्रवार म्हणा.

"शनिवार?" अगाथानं विचारलं.

त्यानं हात पुसायला फडकं मागितलं.

गिग्माय काकांचं मत पक्कं आहे. ते म्हणतात, वाइने शुक्रवारीच गेला. शनिवारी जे शिट्टी घालत होतं, ते त्याच्या मागे राहिलेलं होतं. बहिणीला सांगायला थांबलेलं. म्हणून तर रानातले पक्षी गेले होते. पक्ष्यांना मेलेलं माणूस आधी कळतं. आणि जिवंत माणूस नुसती शिट्टी का घालत बसेल? मोठ्यानं ओरडला नसता?

ते आणखी एक सांगतात. रविवारी वर गेलेल्या माणसांनी आडव्या झाडावर अगाथानं शनिवारी ठेवलेलं पान पाहिलं. उघडलेलं होतं, नीट. चारही रताळी संपली होती.

साल एकही नव्हती.

उंदरानं नेली असतील, कुणीतरी म्हणालं.

काउपा त्याच्या मुलखात परत गेला. दोन्हीकडची माणसं बसली, जे ठरवायचं ते ठरलं, पुढे त्याचं नाव वस्तीत निघालं नाही. पाणवठ्याची डोणी काकांनी उलटी करून ठेवली. बोमाईचं उष्टावण काकांनीच केलं, घरच्या कोंबडीवर. बाळानं तोंड वाकडं केलं, सगळे हसले. अगाथाही हसली म्हणतात.

ती आता भावाच्याच घरात राहते. बोमाई पाच वर्षांचा झालाय, दिवसभर झाडांवर असतो. वस्तीतल्या बायका त्या वाटेनं दुपारच्या जात नाहीत. जावंच लागलं तर चौघी-पाचजणी मिळून जातात, आणि बोलत राहतात, म्हणजे दुसरं काही ऐकू येणार नाही. मागच्या कोरड्या दिवसांत लाकडं आणायला गेलेल्यांपैकी मागे राहिलेल्या दोघींनी शपथ घेऊन सांगितलं, की आडव्या झाडापाशी त्यांना... शेवटी हवा निघणारी शिट्टी ऐकू आली. दोघी लाकडं टाकून पळाल्या. एकीला ताप भरला.

अगाथाला भीती वाटत असेल, असं समजून त्या तिला सांगायला कचरत होत्या.

तिनं मात्र त्यांना बसवून घेतलं. कुठे उभ्या होतात, नक्की कुठून आली, एकदाच का, हवा नक्की निघाली का, सगळं खोदून खोदून विचारलं. त्यांनी हो म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला, की त्या आणखीच घाबरल्या.

कारण काकांची गोष्ट ऐकून सगळ्यांचं समाधान झालं, तिचं झालेलं नाही. जिवंत माणूस ओरडला नसता का, असं काका विचारतात. पण वाइनेला बापानं आठव्या वर्षी लपणात बसवलं होतं. पाणवठ्यापाशी ओरडायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. तापानं भ्रमलेला, तहानेनं सुकलेला माणूस काय करेल? दोन शिट्ट्या ऐकून एक शिट्टी घालेल. आयुष्यभर तेच केलं होतं त्यानं. आणि बहीण पाठ फिरवून निघाली हे कळल्यावर, पुन्हा घालेल. पुन्हा.

शनिवारी दुपारी ती त्याच्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर उभी होती.

वस्तीतले लोक देवळात जाऊन मागणं मागतात, की त्या रानातलं भूत एकदाचं शांत होऊ दे. अगाथा शेवटच्या बाकावर बसते. तिचं मागणं वेगळं असतं, आणि ती ते ओठ न हलवता मागते.

ते भूतच असू दे, देवा. शनिवारी ते भूतच असू दे.